दोरी माझ्या हातात देणाऱ्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही 'अहो ताई, त्यात काय एवढं' म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. शेतातलं वेल्डिंगही व्हावं आणि वीज गेल्यावर घरही चालावं असा एकच जनरेटर शोधणाऱ्याला तुमच्यासारखं कुणीतरी भेटायला हवं. सहसा भेटत नाही.

तुमच्याआधी जे भेटले त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. आमच्याकडे वेल्डिंग मी करते. कल्टिव्हेटरचा फण तुटो की ट्रॉलीच्या हुकाला चीर जावो, होल्डर माझ्याच हातात असतो. तरी जिथे गेले तिथे मशीनची माहिती मिळाली ती सोबत आलेल्या माझ्या दिरांना. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर त्यांच्याकडे बघून द्यायचं. एकाने तर 'पुढच्या वेळी घरातल्या कर्त्या माणसालाच पाठवा' असं तोंडावर सांगितलं. बरं, माहिती तरी धड असावी! जो तो 200 अँपिअर, 5 किलोवॅट एवढंच सांगायचा. ते 5 किलोवॅट सतत मिळणार की क्षणभर, असं विचारलं की हातात कॅटलॉग ठेवायचे. 'पावसात भिजायला नको, पोर्चमध्ये ठेवा' असंही एकाने सुचवलं. पोर्चला लागून सासूबाईंची खोली आहे आणि तिची खिडकी रात्रभर उघडी असते.

तुम्ही आधी मशीनचं नावच काढलं नाहीत. 'मोडलेलं काय आहे ते दाखवा,' म्हणालात. हुकाची चीर बोटाने चाचपलीत, मी कोणता रॉड वापरते ते विचारलंत. 3.15 मिलिमीटर जाडीचा, म्हटल्यावर म्हणालात, 'मग तुमचं काम 110-120 अँपिअरचं. 200 चा आकडा सोडा, 130 ला मशीन किती वेळ टिकतं ते बघा.' 200 ला 30 टक्के ड्यूटी सायकल म्हणजे दहा मिनिटांत तीनच मिनिटं वेल्डिंग आणि सात मिनिटं मशीनला विसावा, हे इतक्या सरळ शब्दांत मला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं.

मग घरात आलात. फ्रीजमागची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसून पाटी वाचलीत. पाण्याच्या मोटरच्या वायरला चिमट्यासारखा क्लॅम्प मीटर लावून, तो इनरशवर, म्हणजे सुरू होतानाचा करंट पकडण्यावर ठेवून, मला बटण दाबायला सांगितलंत. अर्ध्या एचपीची मोटर, कागदावर 373 वॅट. पण सुरू होताना क्षणभर ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, हे मीटरवर माझ्या डोळ्यांनी पाहिलं. 'मशीन या क्षणासाठी निवडायचं,' म्हणालात. वेल्डिंग चालू असताना घरासाठी फारसं काही उरत नाही, तेव्हा दोन्ही एकदम करायचं नाही, हेही तेव्हाच बजावलंत.

पण काका, मी तुम्हाला जन्मभर विसरणार नाही ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. पारखायला आणलेलं मशीन तुम्ही अंगणात ठेवलंत. दीर पुढे झाले, आणि तुम्ही इंजिन सुरू करायच्या दोरीची मूठ माझ्या हातात दिलीत. 'आधी हळू ओढा. जड लागलं की थांबा. मग एकदम खेचा.' इंजिन सुरू झालं. नुसती मूठच होती ती, पण इतक्या जणांनी माझ्याकडे पाठ करून बोलल्यानंतर ती हातात आली तेव्हा मला भरून आलं होतं. तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. 'ताई शेतात असताना वीज गेली तर चालू कोण करणार?' असं विचारून तुम्ही सासूबाईंना बोलावलंत. त्यांना दोरी ओढवेना. तिथल्या तिथे तुम्ही ते मशीन बाद केलंत आणि सेल्फ स्टार्टचंच घ्या म्हणालात. मोठं मशीन खपवायला बघणारे कितीतरी भेटले, पण घरातल्या सगळ्यात अशक्त हाताचा विचार करणारे तुम्ही एकटेच.

माणसाचा चांगुलपणा मला अशाच जागी दिसतो, जिथे तो दाखवून काही मिळणार नसतं. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घराला एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांतलं एकच जोडणारा स्विच, बसवल्याशिवाय मशीन घराला जोडायचं नाही, असा तुम्ही हट्ट धरलात तो खांबावर चढणाऱ्या वायरमनसाठी. आपल्या घरातून उलटी गेलेली वीज त्याचा जीव घेऊ शकते. त्या माणसाला तुम्ही ओळखतही नाही! धुराचंही तसंच. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, म्हणून पोर्च नको, खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब आणि सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला. जागा तुम्ही स्वतः पावलांनी मोजून दिलीत.

मशीन छान चालतंय. पहिल्या 20 तासांनंतरचं ऑइल बदललं. बरेच दिवस लागणार नसेल तेव्हा पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवते, सांगितलंत तसंच. परवा वादळात वीज गेली तेव्हा मी घरी नव्हते. सासूबाईंनी बटण दाबलं, स्विच फिरवला आणि मग मला फोन केला, मोटर चालू करू का, असं विचारायला.

हुकाचं वेल्डिंग अजून पक्कं आहे, तरी एकदा तुमची नजर त्यावरून फिरावी असं वाटतं. आणि 7018 चे रॉड आणून ठेवलेत. ते कोरडे ठेवावे लागतात एवढं माहीत आहे, पण ओल धरलेले रॉड घरच्या घरी कसे वाळवायचे ते तुमच्याकडूनच शिकायचंय. सवड झाली की या.

तुमची,
ताई