विणणारीचे नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी कपड्यांच्या पानावर एका काळ्या-तांबड्या घागऱ्याचा फोटो होता. खाली 'फिलिपिन्सचा ट्रायबल स्कर्ट' एवढेच छापले होते. माझी सारी नोकरी जहाजावर झाली, सारंग म्हणून निवृत्त झालो. मिंदानाओ बेटावरच्या जनरल सांतोस बंदरात आमचे जहाज लागत असे, त्यामुळे मी तो कपडा पाहताक्षणी ओळखला. तो ब्लान जमातीच्या बायकांचा 'ताबिह'. फिलिपिन्समध्ये शंभराच्या वर आदिवासी जमाती आहेत आणि प्रत्येकीचे विणकाम निराळे. 'ट्रायबल' म्हणून त्या सगळ्यांना एकाच पोत्यात भरणे मला पटले नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या जहाजावरचा एक कुक पोलोमोलोकचा होता. मातुतुम डोंगराच्या पायथ्याशी अननसाच्या मळ्यांनी वेढलेला तो भाग. एकदा तो मला घरी घेऊन गेला. त्याची आजी माग कमरेला बांधूनच बसली होती. या मागाला चौकट नसते. एक टोक घराच्या खांबाला आणि दुसरे विणणारीच्या पाठीमागच्या पट्ट्याला. ती मागे रेलली की ताणे, म्हणजे उभे धागे, ताठ होतात, पुढे झाली की सैल पडतात.

धागा अबाकाचा. आपण ज्याला 'मनिला दोर' म्हणतो, तो याच झाडाचा. केळीच्याच कुळातले झाड, पण त्याचे फळ खायच्या कामाचे नाही. खाऱ्या पाण्यात टिकतो म्हणून नायलॉन येण्यापूर्वी जगभरची जहाजे याच दोराने धक्क्याला बांधत. ज्या वाखाने माझ्या तळहातांना घट्टे पडले, त्याचेच कापड अंगाला लागेल असे मला कधी वाटले नव्हते. झाडाचे सोपट सुरीखाली ओढून वाख काढतात, वाळवतात, मग केसासारखे बारीक तंतू सुटे करून टोकाला टोक गाठवतात. चरख्यावर सूत काढायचा प्रश्नच नाही, सगळे गाठीवर.

नक्षी विणण्याच्या आधीच ठरलेली असते. ताण्याच्या जुड्या जागोजाग करकचून बांधतात. बांधलेला भाग रंग पीत नाही. आधी काळा रंग, मग काही बंध सोडून तांबडा, आणि जिथले बंध शेवटपर्यंत राहिले तिथे वाखाचा मूळ फिका रंग. गुजरातच्या पाटोळ्यात उभे-आडवे दोन्ही धागे असे रंगवतात, इथे फक्त उभे. तांबडा रंग 'लोको'च्या मुळांचा. हे झाड आपल्या बारतोंडीच्या जातीचे, जिच्या मुळांपासून आपल्याकडेही पूर्वी आलीचा तांबडा रंग काढत. आजीजवळ नक्षीचा कागद नव्हता. कुठे बांधायचे ते तिच्या बोटांना पाठ होते.

ही कला करणाऱ्यांची नावे त्या देशाने जपली आहेत. 1992 साली तिथे कायदा झाला. त्यानुसार पारंपरिक कारागिरांना राष्ट्रीय सन्मान आणि दरमहा मानधन मिळते, आणि त्यांनी आपली विद्या पुढच्या पिढीला शिकवावी अशी अट असते. 1998 साली तबोली जमातीच्या लांग दुलाय आणि बागोबो जमातीच्या सालिंता मोनोन या विणकरणींना तो मिळाला. मोनोनबाईंना मगरीची नक्षी सर्वांत प्रिय होती आणि तेवढ्या एका कापडाला चार महिनेही लागत. पोलोमोलोकच्या याबिंग दुलो यांना ताबिहसाठी 2016 साली हा सन्मान मिळाला. 2021 मध्ये त्या गेल्या. लोक त्यांना 'फू याबिंग' म्हणत. 'फू' म्हणजे वडीलधारे माणूस.

आता बाजारातली गोष्ट सांगतो. जनरल सांतोसला याच नक्ष्या छापलेले पॉलिस्टरचे कापड ताग्यांनी मिळते. लांबून पाहिले तर फरक कळत नाही, आणि वर्तमानपत्रातल्या फोटोत तर मुळीच कळणार नाही. आपण नुसते 'ट्रायबल स्कर्ट' छापता तेव्हा छापील कापड आणि महिनोन्महिने खपून केलेले काम वाचकाच्या लेखी एक होऊन जाते. फायदा छापणाऱ्याचा होतो. विणणारीला मात्र चार महिन्यांच्या कामाचा दर सांगताना त्या पॉलिस्टरशी घासाघीस करावी लागते. पैठणीच्या नावाखाली यंत्रमागावरच्या साड्या खपतात, तेव्हा येवल्याच्या विणकरांच्या वाट्याला हेच येते.

माझी विनंती अशी. येत्या रविवारी दुरुस्ती छापावी : कपडा ताबिह, जमात ब्लान, मुलूख दक्षिण मिंदानाओ. फोटो जिथून घेतला तिथे विणकरणीचे नाव विचारावे, मिळाल्यास तेही द्यावे. आणि यापुढे हातमागाच्या कुठल्याही कपड्याचा फोटो असला, मग तो ताबिह असो, पैठणी असो की धनगराची घोंगडी, तर मॉडेलच्या नावाशेजारी विणणाऱ्याच्या नावालाही जागा ठेवावी.

आपला वाचक,
एक निवृत्त सारंग, दाभोळ