लाल मातीवाल्या सरायले

नमस्कार सर,

तुमचा जुना नंबर लागत नाही म्हणून उघडंच लिहितो, कोणी ओळखीचं असन तर तुम्हाले दाखवन.

एप्रिलात वावरात बोअर मारली तेव्हा काळ्या गोट्याच्या भुकटीमागून एकदम लालभडक माती वर आली, अन् मी नुकताच डायनासोरवाला व्हिडिओ पाह्यला होता, मले वाटलं डायनासोर मारणाऱ्या उल्केचा थर तो हाच! गावच्या ग्रुपवर फोटो टाकला, वरून "लोणारच्या उल्केनं डायनासोर मेले" असंही ठोकून दिलं. सगळ्यायनं अंगठे दिले. तुम्ही ग्रुपवर एक शब्द बोलले नाही, दुसऱ्या दिवशी त्या उन्हात सरळ वावरात आले अन् ढिगाऱ्याजवळ उकिडवे बसले.

लाल माती म्हणजे लाव्ह्याच्या दोन थरांमधली, ज्वालामुखी थांबला तेव्हा वरचा गोटा कुजून झालेली, हे तिथंच समजलं. लोणारचं विवर 1.8 किलोमीटरचं, वयानं फार तर काही लाख वर्षं, अन् डायनासोर गेले 6.6 कोटी वर्षांआधी. खरं विवर मेक्सिकोत, चिक्शुलूबले, जवळपास 180 किलोमीटरचं, पण चुनखडीखाली गाडलेलं, वरून पाहून विवर ओळखू येत नाही. "मंग सापडलं कसं?" पोरानं विचारलं तर तुम्ही पऱ्हाटीच्या काडीनं मातीवर गोल काढला. तिथल्या तेल कंपनीच्या लोकायले 1978 मध्ये जमिनीच्या चुंबकत्वाच्या नकाशात असाच गोल दिसला होता. इकडं 1980 मध्ये अल्वारेझ या शास्त्रज्ञ बापलेकायच्या टीमनं इटलीतल्या, डायनासोर गेले त्याच वेळच्या बोटभर मातीच्या थरात इरिडियम नावाचा धातू दाखवला, जमिनीवर दुर्मिळ, उल्केत भरपूर. पुढं 1991 मध्ये चिक्शुलूबच्या जुन्या बोअरच्या गोट्यात दाबानं रेघा पडलेले क्वार्ट्झचे म्हणजे गारेचे कण निघाले अन् दोन टोकं जुळली. तशा रेघा ज्वालामुखीनं पडत नाहीत म्हणे. बोअरच्या गोट्यातून! तेव्हापासून माह्या भुकटीकडं मी वेगळ्याच नजरेनं पाह्यतो.

पोराले सगळ्यात आवडलं ते वेगळंच. आपला काळा पत्थर लाव्हा होऊन ओतला गेला तोही त्याच सुमाराचा, म्हणून डायनासोर मारल्याबद्दल त्यालेही काही शास्त्रज्ञ आरोपी धरतात अन् ते भांडण अजून मिटलं नाही, हे तुम्ही लपवलं नाही. आता ते शाळेत सांगत फिरते, आमच्या वावरात आरोपी हाये.

चारचौघात माही फजिती केली नाही, लय आभार सर. तो फोटो मी ग्रुपवरून काढून टाकला नाही, खाली तुम्ही सांगतलेलं लिहून टाकलं, अंगठे मात्र तीनच आले.

बोअरले पाणी नाहीच लागलं, ते जाऊ द्या. तूर निघाली की पोराले घेऊन लोणारले जातो, येसान काय?