केसिंग टाकण्याआधी बोअरची भिंत पाहा

महोदय,

आमच्या साक्री तालुक्यात यंदा उन्हाळाभर बोअरच्या गाड्या रात्रंदिवस चालू होत्या. माझ्या कांद्याच्या वावरात दोन बोअर झाले. पहिला 420 फूट, कोरडा. शंभर-सव्वाशे फुटांच्या दरम्यान चुरा ओला आला होता, पण पुढे पुन्हा धूळ उडाली आणि बोअरवाल्याने 130 फुटांपर्यंत केसिंग, म्हणजे भिंत ढासळू नये म्हणून घालायचा पाइप, उतरवून टाकले. मुरूम तर 40 फुटांतच संपला होता. केसिंगचे पैसे मात्र फुटावर.

तीस पावलांवर दुसरा बोअर घेतला, तेव्हा केसिंग 40 फुटांवर थांबवायला लावून आत कॅमेरा सोडला. 112 फुटांवर मांजऱ्या (पांढऱ्या ठिपक्यांच्या) खडकाच्या बुडाशी फट दिसली, तिच्यातून पाणी पाझरत होते. पहिल्या बोअरमध्ये हाच झरा आम्ही पैसे मोजून बंद केला, असे मला वाटते.

मी 28 वर्षे गुजरातमध्ये तेलविहिरींच्या लॉगिंगवर, म्हणजे विहिरीत उपकरणे सोडून खडकाची नोंद घेण्याच्या कामावर होतो. खंभातच्या खोऱ्यात गाळाच्या थरांखाली आपल्याकडचाच काळा पाषाण आहे. तिथल्या पादरा तेलक्षेत्रात तर त्याच्या भेगांतून तेल निघते. भेग हुकली तर विहीर वाया, म्हणून केसिंगच्या आधी भिंतीची प्रतिमा घेतात. तिथे विहिरीत खोदकामासाठी सोडलेला चिखल भरलेला असतो, साधा कॅमेरा चालत नाही. उपकरणाचे पॅड भिंतीला टेकवतात, त्यांच्यावरची बटणे खडकात वीज सोडतात आणि कुठे ती सहज वाहते, कुठे अडते यावरून चित्र तयार होते. चिखल तेलात कालवलेला असेल तर वीज नीट जात नाही, मग बहुधा ध्वनिलहरी वापरतात. हे चित्र कागदासारखे उलगडले की तिरपी भेग लाटेसारखी दिसते. लाटेच्या उंचीवरून भेगेचा उतार कळतो, तळ कुठल्या बाजूला आहे त्यावरून दिशा. अर्ध्या सेंटिमीटरचा बारकावाही त्यात टिपला जातो.

एवढे महागडे यंत्र शेतकऱ्याला नको. आपल्या बोअरमध्ये चिखल नसतो, दोरीवरचा कॅमेरा पुरतो. तो प्रत्येक तालुक्याला भाड्याने मिळावा आणि भिंत पाहिल्याशिवाय मुरमाखाली केसिंग टाकू नये. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात बोअरच्या गाड्यांची नोंदणी आहेच. त्याच गाडीवाल्याकडून कुठल्या फुटाला कोणता खडक, कुठे ओल, केसिंग किती, हा कागद भूजल सर्वेक्षण यंत्रणेने घ्यावा आणि गावात लावावा. पानाड्याच्या हातातल्या नारळावर विश्वास ठेवणाऱ्यालाही तो उपयोगी पडेल.

माझ्या दोन्ही बोअरची फूटवार नोंद वहीत आहे. शिवारात बोअर घेणाऱ्या कोणीही ती घरी येऊन उतरवून न्यावी.

– एक निवृत्त लॉगिंग कर्मचारी, ता. साक्री, जि. धुळे