शेवटच्या पानावरची नावं

स्टुटगार्ट, 2 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तीनदा सांगायला गेले आणि तिन्ही वेळा ईशानच्या सर्दीवर बोलून फोन ठेवला. म्हणून लिहितेय. जूनमध्ये मी जर्मनीचं नागरिकत्व घेतलं. आता 12 डिसेंबरला घरी येईन ती या नव्या पासपोर्टवर. पाच महिने तुमच्यापासून लपवलं, याचं मला फार वाईट वाटतं. ताईला माहीत होतं, पण तिच्यावर रागावू नका, बोलू नकोस म्हणून मीच तिला शपथ घातली होती.

बाबा, तुम्ही लगेच विचाराल की दोन्ही ठेवता आली नसती का. नसती. जर्मनीनं 27 जून 2024 पासून दोन नागरिकत्वांना परवानगी दिली, तेव्हा मलाही क्षणभर आशा वाटली होती. पण आपल्याकडचा 1955 चा कायदा तसाच आहे. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं आणि पासपोर्ट जमा करावा लागतो. तो रद्द झाल्याचा शिक्का मारून मला परत मिळाला. घरी आणून शेवटचं पान उघडलं. वर बाबांचं नाव, त्याखाली आईचं, त्याखाली पराग, आणि मग डहाणूकर कॉलनीचा पत्ता. इतकी वर्षं इथे राहून तो पत्ता मी बदलला नव्हता. नव्या पासपोर्टात आईवडिलांच्या नावांचं पानच नाही. उंची आहे, डोळ्यांचा रंग आहे, राहतं गाव आहे. जन्मस्थान पुणे, तेवढं आहे. आई, डोळ्यांचा रंग अर्जात भरायचा होता तेव्हा मी ‘तपकिरी’ लिहून दिलं. तुझ्यासारख्या घारटपणाला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते मला सुचेना.

का केलं, ते नीट सांगते. अण्णांच्या वेळेला मी येऊ शकले नाही. माझा परवाना संपत आला होता, नवीन हातात नव्हता, आणि एकदा बाहेर पडले तर परत आत घेतील का, हे कुणी छातीठोक सांगत नव्हतं. तुम्ही दोघांनी तेव्हा एका शब्दानं टोचलं नाहीत. बाबा, उलट तुम्हीच म्हणालात, तिथूनच नमस्कार कर, पोचतो. तो नमस्कार मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून केला. ते अजून माझ्या अंगातून गेलेलं नाही.

नंतर कायमचा परवाना मिळाला खरा, पण तोसुद्धा सलग सहा महिने देशाबाहेर राहिलं की सहसा रद्द होतो. उद्या तुमच्यापैकी कुणाला माझी गरज लागली आणि मला वर्षभर यावं लागलं, तर मी दिवस मोजत बसायचं का? आता ते नाही. माझं ओसीआय कार्ड आलं आहे. तो जन्मभराचा व्हिसा आहे, कितीही दिवस राहता येतं आणि परदेशी माणसासारखी पोलिसांकडे नोंद करावी लागत नाही. म्हणजे पासपोर्ट सोडल्यामुळे मी तुमच्याकडे जास्त राहू शकते. हे वाक्य मी परागला इतक्यांदा म्हणून दाखवलंय की त्याला पाठ झालं असेल. फक्त तुमच्यासाठी केलं असं मात्र म्हणणार नाही, ते खोटं होईल. ईशान इथला आहे, माझं काम इथलं आहे, आणि जिथे बारा वर्षं कर भरला तिथे मतही द्यावं असं वाटू लागलं होतं.

तिकडे आता मत देता येणार नाही. 2009 साली आपण तिघं शाळेतल्या रांगेत उभे होतो आणि बाहेर आल्यावर आईनं माझं शाईचं बोट धरून वाण्यालासुद्धा दाखवलं होतं, ते आठवलं की घशाशी येतं.

आता मुळशीच्या खाचरांचं. बाबा, तुम्ही दिवाळीत म्हणालात की दोघी मुलींच्या नावानं बक्षीसपत्र करून टाकतो. माझ्या नावानं करू नका. ओसीआय माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. घरफ्लॅटचं तसं नाही, अडचण फक्त शेताची आहे. शेत मला मिळू शकतं ते एकाच वाटेनं, वारशानं. हा शब्द लिहिताना हात थांबला, आणि म्हणूनच सांगते, त्या वाटेनं मला काही नको. अठराच्या अठरा गुंठे ताईच्या नावावर करा. सातबारा तिच्याकडे, आणि आंबेमोहोराचं एक पोतं वर्षाला माझ्याकडे, असा आमचा दोघींचा करार झालाय. ताई नाही म्हणतेय, तिला तुम्ही समजवा. मी पासपोर्ट सोडला म्हणून जमिनीवरून माझं नाव गेलं, असं मनात आणू नका. बांधावर बसून भाकरी खायला सातबारा लागत नाही.

या खेपेला सात-आठ दिवसांची धावपळ नाही. मी आणि ईशान दहा आठवडे राहणार आहोत. पराग संक्रांतीच्या आधी येईल. रोज सकाळी बाबांबरोबर टेकडीवर, दुपारी आईच्या शेजारी लोळणं. आई, पहिल्या दिवशी काही घाट घालू नकोस. नव्या तांदळाचा गुरगुट्या भात, वर मेतकूट आणि तूप, बस्स. तापातून उठले की तू पितळीत कालवून भरवायचीस, कडेचा निवलेला भात आधी आणि मधला वाफेचा शेवटी. ईशानलाही मी तसंच भरवते. तो ‘कडेचं, कडेचं’ म्हणून तोंड उघडतो.

आता माझं ऐका. मुंबईला घ्यायला यायचं नाही. पहाटेचं विमान आहे, ओळखीची गाडी सांगितली आहे, नाश्त्याला घरी. माळ्यावरच्या गाद्या काढायला बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, ताईचा मुलगा येऊन काढेल. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लावू नका, हल्ली फोनवर चेहरा दाखवून होतो, येत्या रविवारी ताई करून देईल. तीन महिन्यांची साखर मी यायच्या आत तपासा आणि आकडा मला खरा सांगा. टेकडीवर उजाडल्याशिवाय जायचं नाही. मार्चमध्ये खडीवरून पाय घसरला ते मला शेजारच्या काकूंकडून कळलं. लपवण्यात मीही काही कमी नाही, तेव्हा रागावत नाही, पण आता दोन्हीकडून बंद करूया. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही.

मागच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे गेली. आता साडेचार तासांचा फरक. मी तुमच्या रात्री साडेआठला फोन करेन, बाबा झोपायच्या आत. हे पत्र त्याआधी वाचून झालं असेल, तर फोनवर लगेच काही बोलायला हवं असं नाही. रडू आलं तर येऊ दे, मी फोन ठेवणार नाही.

जुना पासपोर्ट बरोबर आणतेय. बाबा, तुमच्या फायलीत माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेमागे तो ठेवाल ना?

तुमची,
छकुली

ता. क. आजीची गोधडी दोन दिवस उन्हात घालून ठेव. धुऊ नकोस.