माटोळी बांधणारा आरतीलाच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शुक्रवारी आपल्या पेपरात भारत-न्यूझीलंड मॅचला अर्धं पान होतं, जी मॅच झालीच नाही, नॉटिंगहॅमच्या पावसात टॉससुद्धा पडला नाही. आणि शनिवारी कॅनडाचे टोरांटो रॅप्टर्स एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगचे, चॅम्पियन झाले ही बातमी खाली कोपऱ्यात चार ओळींत. तक्रार म्हणून नाही लिहीत, वर्ल्ड कप चालू आहे, आज तर पाकिस्तानशी आहे, समजतं मला. पण त्या चार ओळी वाचल्यापासून डोक्यात जे चाललंय ते कुणाला सांगू, फोंड्यात बास्केटबॉल बघणारे आम्ही मोजून पाच जण, त्यातले तीन वॉरियर्सवाले, म्हणजे फायनलला आमच्याकडून हरलेल्या टीमचे, ते सध्या माझा फोनच उचलत नाहीत.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला टीव्हीसमोर बसलो. पोदेराची (पाववाल्याची) सायकल पोंपों करत आली तेव्हा दुसरा क्वार्टर चालू होता, उंडे (पाव) घ्यायला मी उठलो नाही म्हणून आईची बोलणी खाल्ली. आमच्या काइल लावरीने सुरुवातच अशी केली की टीमचे पहिले ११ पॉइंट एकट्याचे, शेवटी फ्रेड व्हॅनव्हलीटने एकामागून एक थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचे शॉट, मारले, ११४-११०, सिरीज ४-२. अमेरिकेबाहेरची टीम पहिल्यांदाच चॅम्पियन. १९९५ ला सुरू झालेला क्लब, इतकी वर्षं सगळ्यांनी हसण्यावारी नेलेला. मी ओरडलो, नाचलो, आणि मग सोफ्यावर बसलो तो बसूनच राहिलो. बाबा म्हणाले, "अरे जिंकली ना तुझी टीम, मग तोंड असं का पाडलंयस?"

कारण आमचा जुना खेळाडू डेमार डीरोझन कप घेऊन नाचणाऱ्या त्या घोळक्यात नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा माणूस २००९ ला टोरांटोत आला आणि नऊ सीझन तिथेच खेळला. मोठे प्लेअर टोरांटोतून संधी मिळाली की निघायचे, थंडी आहे, लांब आहे, टीव्हीवर कुणी बघत नाही. याने २०१६ ला दुसऱ्या कुठल्या टीमशी बोलणंसुद्धा न करता पुन्हा सही केली. २०१८ च्या फेब्रुवारीत आपल्या डिप्रेशनबद्दल उघड बोलला, एवढा मोठा खेळाडू, तेव्हा मी स्वतः जरा वाईट दिवसांतून जात होतो, त्यामुळे तो माझ्यासाठी नुसता प्लेअर राहिला नाही. त्याच जुलैत क्लबने त्याला सॅन अँटोनिओला देऊन टाकला आणि बदल्यात कवाय लेनर्ड आणला. त्याआधी मे महिन्यात कोच ड्वेन केसीला काढलं, आणि गंमत बघा, त्याच सीझनचा कोच ऑफ द इयर तोच ठरला.

आता खरं सांगायचं तर ट्रेड बरोबर होता. लागोपाठ तीन वर्षं प्लेऑफ्समध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सने आम्हाला घरी पाठवलं, त्यातल्या शेवटच्या दोन सिरीज तर ४-०. डीरोझनच्या जोरावर आम्ही फायनल जिंकलो नसतो हे मलाही कळतं. आणि कवायने काय केलं नाही? फिलाडेल्फियाविरुद्ध सातव्या मॅचचा तो शेवटचा शॉट, रिंगवर चार टप्पे घेऊन बॉल आत पडला, तेव्हा माझा श्वास अडकला होता. फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, पण तोच. पण हा माणूस एका वर्षासाठी आलेला पाहुणा, सीझनमध्ये ८२ पैकी ६० मॅच खेळला, बाकी लोड मॅनेजमेंट (आमच्याकडे याला दांडी म्हणतात), आणि महिनाअखेरीस करार संपून फ्री एजंट होणार, राहील की जाईल देवालाच ठाऊक. चवथीला आठवडाभर रानात फिरून, एकेक फळ गोळा करून गणपतीच्या वर टांगायची माटोळी एकाने बांधायची आणि आरतीच्या वेळी त्यालाच घराबाहेर ठेवायचं, असं काहीतरी वाटतंय.

दुसरी सल पाचव्या मॅचची. वॉरियर्सचा केव्हिन ड्युरंट दुखापतीतून परत आला, पुन्हा पडला, पाय धरून बसला, आणि आमच्या पब्लिकने टाळ्या वाजवल्या. आमच्याच प्लेअर्सना हात करून लोकांना गप्प करावं लागलं. टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला राहणारा माझा मावसभाऊ म्हणतो सगळे तसे नव्हते. नसतील. पण मला घरात बसून लाज वाटली. सहाव्या मॅचमध्ये ३० पॉइंट करून त्यांचा क्ले थॉम्प्सनही गुडघा धरून गेला, म्हणजे आम्ही अर्ध्या वॉरियर्सना हरवलं असं ते तिघे आता जन्मभर ऐकवणार.

फुटबॉलवाल्यांनी जरा विचार करून बघा. मार्चमध्ये एफसी गोवा फायनलला बेंगळुरूकडून एक्स्ट्रा टाइममध्ये हरली, रडलोच आपण सगळे. उद्या क्लबने आपल्या लाडक्या स्ट्रायकर कोरोला देऊन टाकला, त्याच्या जागी कुणी सुपरस्टार एका सीझनसाठी आणला आणि आयएसएल जिंकली, तर फातोर्ड्यात फटाके फुटतील, फुटायलाच हवेत, पण बसमधून घरी येताना कोरोचं नाव कुणीच काढणार नाही? मी तर काढीन.

मावसभाऊ म्हणतो, विसर आता त्याला, कप बघ. कप बघतोच आहे रे, फोनवर त्याचाच फोटो लावलाय. लावरी आणि डीरोझन जिवलग दोस्त, म्हणून लावरीच्या हातात कप बघून जरा बरं वाटलं, पण त्याच्या शेजारची जागा मला रिकामीच दिसते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेली डुप्लिकेट जर्सी आहे माझ्याकडे, डीरोझन, नंबर १०. वर्षभर कपाटात होती, काल आईने बाहेर काढून धुवायला टाकली. सोमवारी रात्री आपल्या वेळेने टोरांटोची मिरवणूक आहे. तोवर सुकली तर तीच घालून बघणार.

आपला,
एक रॅप्टर्सवाला, फोंडा
१६ जून २०१९