साय की निवळी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

इथल्या तुमच्या खोलीच्या भिंतींना लांबी (पुट्टी) भरून झाली, प्रायमरही लागला. आता रंगावर गाडी अडलीय: दोन पांढऱ्यांपैकी कुठला? पेंटर म्हणतो, "ताई, दोन्ही सेमच आहेत." रंगांच्या कार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनात मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून दोन मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारून घेतले. ओला असताना फिका वाटलेला रंग वाळल्यावर जरा गडद झाला. एक सायीसारखा, किंचित पिवळसर. दुसरा दह्याच्या निवळीसारखा, करड्या झाकेचा.

खोलीची खिडकी उत्तरेला, मखमलाबादकडे. आत ऊन जवळजवळ येतच नाही, दिवसभर निळसर उजेड. त्यात निवळीचा पुठ्ठा दुपारी दोनला बघितला तर भिंतीला ओल आल्यासारखा! साय मात्र तिथे शहाण्यासारखी पांढरी दिसत होती. रात्री पिवळा दिवा लावला, तर तीच साय थेट हळदीचं दूध. दिवा बदलेन, ४००० केल्व्हिनचा मिळतो, ना पिवळा ना निळा.

बाबा, मागच्या महिन्यात सिन्नरला कार्ड बघताना तुमचं आणि आईचं वाजलं होतं. तुम्ही म्हणालात "पांढराच तर आहे", आई म्हणाली "पिवळा आहे हो". मग तुम्ही उजवा डोळा झाकून बघितलंत आणि गप्प बसलात! वयाने डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, निळा उजेड अडवतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूनंतर नवं, स्वच्छ भिंग बसलंय, डाव्यात अजून जुनंच. आईच्या तर दोन्ही डोळ्यांत जुनं. म्हणजे खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण डावाही डोळा दिवाळीनंतर होणार, आई, पुढेमागे तुझाही नंबर आहेच. तेव्हा निकाल उजव्या डोळ्याचा धरायचा, असं माझं मत. रागावू नकोस.

रंग धुता येणारा घेतेय. कारण? पलंगामागच्या भिंतीवर बाबांच्या डोक्याचं तेल.

आणि एक ठरवून टाकलंय, विचारत नाही. पांढऱ्या भिंतीवर पांढरा स्विचबोर्ड रात्री सापडत नाही, म्हणून त्याच्याभोवती चार बोटं विटकरी पट्टा मारणार. बाथरूमच्या चौकटीलाही तोच.

पुठ्ठे तिकडे पाठवत नाही. तुमच्या ओसरीवरच्या उन्हात दोन्ही छानच दिसतील. रविवारी इकडेच या, जेवण झाल्यावर एकदा बघा, दिवा लागल्यावर एकदा. पेंटरला सोमवारपर्यंत थांबवलंय.

तुमची,
लेक