यंदाचा देखावा ‘पेन्या’चा! वर्गणी, जुन्या वस्तू आणि कामाला हात हवेत

नमस्कार मंडळी,

बादालोना, सांत आद्रिया, सांता कोलोमा, बार्सिलोना, जिथं कुठं असाल तिथून हे शेवटपर्यंत वाचा प्लीज, नुसता अंगठा टाकून पुढं जाऊ नका. गणपती 14 सप्टेंबरला बसतायत म्हणजे हातात दोन महिनेसुद्धा नाहीत, त्यातला ऑगस्ट इथं धरायचाच नाही कारण अख्खं गाव सुट्टीवर आणि हार्डवेअरचं दुकानही बंद.

मागच्या वर्षीचा देखावा आठवतोय ना? चार रात्री जागून थर्माकोलचा कैलास केला आणि शेजारच्या बिल्डिंगमधले कॅटलान आजोबा आरतीला आले, हात जोडले, मग म्हणाले मोन्सेरात (इथला प्रसिद्ध डोंगर) फार सुंदर केलाय हो. आता त्या डोंगराचे सुळके आहेतच तसे, त्यांची काय चूक. पण तेव्हाच बऱ्याच जणांच्या डोक्यात आलं की ज्या गावात आपण राहतो त्या गावाला कळेल असं काहीतरी करूया. मीटिंगमध्ये मोठ्यांनी सागरादा फामिलिया वगैरे नेहमीचंच सुचवलं, आणि मागं बसून मोबाईलवर मॅच बघणाऱ्या पोरांनी एका सुरात सांगितलं, पेन्या करा. विषय तिथंच फायनल.

नवीन आलेल्यांसाठी सांगतो. पेन्या म्हणजे आपल्या गावचा बास्केटबॉल क्लब, झुवेंतुत बादालोना. (फुटबॉलवाला इटलीचा युव्हेंटस नव्हे, दर वर्षी कुणीतरी विचारतंच.) झुवेंतुत म्हणजे तारुण्य, युवावर्ग, आणि पेन्या म्हणजे मित्रांचं टोळकं, आपला कट्टा म्हणा. थोडक्यात ‘नवतरुण मित्र मंडळ, बादालोना’. नाव ऐकूनच आपलं वाटतं की नाही?

सुरुवातही तशीच आहे. 1930 साली गावातल्या पोरांनी एकत्र येऊन क्लब काढला, नाव ठेवलं ‘पेन्या स्पिरिट ऑफ बादालोना’. कारण काय, तर तीनच वर्षांपूर्वी अमेरिकन वैमानिक लिंडबर्गनं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ विमानातून एकट्यानं अटलांटिक पार केला होता आणि पोरं त्याच्यावर फिदा होती. गल्लीतल्या मंडळाचं नाव चांद्रयान ठेवावं तसंच झालं हे. पुढं नावं बदलली, 1939 मध्ये झुवेंतुत झालं, पण हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत कॅटलान नावं चालायची नाहीत म्हणून पाटीवर स्पॅनिश ‘खुवेंतुद’ लिहावं लागलं. लोक मात्र तेव्हाही पेन्याच म्हणायचे आणि आजही पेन्याच म्हणतात.

1957 ला स्पेनची लीग सुरू झाली तेव्हापासून हा क्लब वरच्या डिव्हिजनमधून एकदाही खाली गेलेला नाही. असे आता दोनच क्लब उरलेत, रेआल माद्रिद आणि आपला पेन्या. तिसरा एस्तुदियांतेस होता, तो 2021 ला घसरला. माद्रिदकडं पैसा किती आणि सव्वादोन लाख वस्तीच्या या गावाकडं किती, हिशोब तुम्हीच करा. लीग 4 वेळा जिंकली (1967, 1978, 1991, 1992), कोपा म्हणजे स्पेनचा कप 8 वेळा, 1981 ला युरोपातला कोराच कप 105–104 असा एका पॉइंटनं. कपांची यादी फ्लेक्सवर लावूच, पण देखावा यादीचा होत नाही. देखावा आहे 1992 आणि 1994 चा.

16 एप्रिल 1992, इस्तंबूल, युरोपची फायनल. समोर पार्तिझान बेलग्रेड. युगोस्लाव्हियात युद्ध पेटलेलं म्हणून या टीमला त्या सीझनचे बहुतेक घरचे सामने माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादात खेळावे लागले होते. शेवटचे काही सेकंद उरलेले, तोमास जोफ्रेसानं बॉल टाकला आणि पेन्या 70–68 ने पुढं. गावात लोक खुर्च्यांवरून उठले असणार. तेवढ्यात पार्तिझानचा साशा जॉर्जेविच बॉल घेऊन पूर्ण कोर्ट पळत आला, धावता धावताच थांबला आणि थ्री-पॉइंटर मारला. 71–70. संपलं.

आता खरी गंमत. पार्तिझानच्या बेंचवर जो कोच नाचत होता तो फक्त 32 वर्षांचा होता, झेल्को ओब्रादोविच. ज्यानं आपल्या तोंडचा घास पळवला त्यालाच वर्षभरानं, 1993 मध्ये बादालोनानं कोच म्हणून आणलं. 21 एप्रिल 1994, तेल अविव, पुन्हा फायनल, समोर ग्रीसचा ऑलिम्पियाकोस. 57–56 ने मागं, वीसेक सेकंद शिल्लक, आपल्या कॉर्नी थॉम्पसनचा थ्री-पॉइंटर आत, 59–57, मग त्यांच्या पास्पालचा फ्री थ्रो हुकला आणि कप गावात आला. थॉम्पसन 92 लाही टीममध्ये होता, जोर्दी विलाकांपा, जोफ्रेसा भाऊ दोघंही तेच. हा विलाकांपा 1980 ते 1997 याच एका क्लबकडून खेळला आणि नंतर 1999 पासून 18 वर्षं अध्यक्ष राहिला, म्हणजे आपल्याकडं कार्यकर्ता ते अध्यक्ष होतो ना अगदी तसा.

कमिटीत यावरून मोठा वाद झाला, आतून सांगतो. निम्म्या लोकांचं म्हणणं, गणपतीसमोर हरलेली मॅच कशाला, अपशकुन, फक्त 94 दाखवा. मी आणि दोन-तीन जण अडून बसलो. 92 काढलं की 94 मध्ये उरतं काय, एक कप. इथल्या जुन्या लोकांशी बोला, ते तेल अविवची गोष्ट सांगताना आधी इस्तंबूल सांगतात, मगच पुढं जातात. शेवटी मत घेतलं, आम्ही जिंकलो, तेही एकाच मतानं (कोराच कपसारखं!).

तर देखावा असा. पुठ्ठ्याचं कोर्ट, दोन बाजूंना दोन रिंगा. पहिल्या भागात जॉर्जेविचचा कटआउट रुळावरून पळत येईल, बॉल तंगुसावरून सरकत जाऊन रिंगेत पडेल, लाईट जाणार, पाच सेकंद अंधार. मग मधल्या चकतीवर उभा ओब्रादोविच वळेल. त्याचा पुतळा एकच, एक अंग पार्तिझानचं काळं-पांढरं, दुसरं आपलं हिरवं-काळं. तो वळला की दुसऱ्या रिंगेवर लाईट आणि थॉम्पसनचा बॉल आत. परवा हॉलमध्ये ट्रायल घेतली तर बॉल अर्ध्यात अडकून लटकला आणि जॉर्जेविच रुळावरून उतरून थेट मूर्तीच्या चौरंगाखाली गेला, पोरं हसून हसून लोळली. म्हणजे काम बरंच बाकी आहे.

मागच्या पडद्यावर पालाउ ऑलिंपिक, म्हणजे पेन्याचं स्टेडियम येईल. 92 च्या ऑलिंपिकचं बास्केटबॉल तिथंच झालं, जॉर्डन-मॅजिकच्या अमेरिकन ड्रीम टीमनं क्रोएशियाला 117–85 हरवून गोल्ड घेतलं ते आपल्या घरापासून चालत जायच्या अंतरावर, हे आपल्यातल्या कितीतरी जणांना अजून माहीत नाही. आणि कोपऱ्यात पोरांचा हट्ट म्हणून रिकी रुबिओ. शेजारच्या मास्नोउचा पोरगा, 2005 मध्ये पेन्याकडून लीगमध्ये उतरला तेव्हा 15 वर्षंही पूर्ण नव्हती, लीगच्या इतिहासातला सर्वात लहान. 2008 ला रुदी फेर्नांदेस आणि तो असताना कोपा आणि युरोपातला यूलेब कप एकाच सीझनमध्ये आले, मग रुदी अमेरिकेत पोर्टलंडला गेला, पुढच्या वर्षी रिकी बार्सिलोनाला. नेहमीचंच, आपण घडवायचं आणि मोठ्यांनी न्यायचं. पैशांची ओढाताण इतकी की नाव दर काही वर्षांनी स्पॉन्सरप्रमाणे बदलायचं, युरोपचा कप जिंकलेल्या टीमचं अधिकृत नाव चक्क कोल्ड्रिंकवरून ‘सेव्हन अप झुवेंतुत’ होतं. 2018 ला तर क्लब बंद पडायच्या टोकाला आला होता, नवे गुंतवणूकदार आले तेव्हा वाचला. रिकी 2025 च्या उन्हाळ्यात परत आला त्या दिवशी आमच्या घरी पोरानं जेवणच केलं नाही, नुसता फोन.

आता मुद्द्याचं. हॉल, मूर्ती, प्रसाद हे नेहमीच्या वर्गणीतून निघतं, त्याला हात लावायचा नाही. देखाव्याला वेगळे साधारण 850 युरो लागतायत: प्लायवूड, दोन मोटरा, लाईट, फ्लेक्स, रंग. आजपर्यंत 310 जमलेत. कुटुंबामागं 15-20 युरो दिले तरी भागतं, विद्यार्थ्यांनी 5 द्या नाहीतर काहीच देऊ नका, कामाला या. बिझम (मोबाईलवरून पैसे) करा, खजिनदारांचा नंबर ग्रुपवर पिन केलाय, सोबत नाव लिहा म्हणजे पावती देता येईल. गेल्या वर्षी तीन बिझम निनावी आले आणि खजिनदारांनी महिनाभर आमचं डोकं खाल्लं. हिशोब विसर्जनानंतर आठवड्याच्या आत ग्रुपवर पडेल, उरले तर गल्लीतल्या पोरांना बॉल.

पैशांपेक्षा अवघड आहे ते जुन्या वस्तूंचं. शेजाऱ्यांना विचारा, घरमालकांना विचारा, ज्या बेकरीतून पाव आणता तिथं विचारा. जुनी तिकिटं, मफलर, पेपरची कात्रणं, क्लबच्या जुन्या आउसियास मार्क हॉलमधले फोटो, काहीही. आमच्या मजल्यावरच्या आजींनी बिस्किटाच्या डब्यातून 1994 चं पेपरचं पान काढून दाखवलं, घड्या पडून पार पिवळं झालेलं, हातात दिलं नाही, फक्त दाखवलं. मग मुलीला फोन करून विचारलं आणि दहा दिवसांसाठी द्यायला तयार झाल्या, पण काचेच्या आत ठेवायचं आणि रात्री घरी आणून द्यायचं या अटीवर. तर वस्तू घेताना नाव, जिना, मजला वहीत लिहा, फोटो काढा आणि जशी घेतली तशीच परत करा. यात हयगय झाली तर या गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

माहितीचे बोर्ड मराठी आणि कॅटलान दोन्हीत असतील. मराठी मी लिहितोय, कॅटलान शाळेतली आपली पोरंच लिहितील, एखाद्या शिक्षकाची नजर फिरली तर बरं.

भारतातल्या मित्रमंडळींनी पैसे पाठवू नका, खरंच नको. पुण्यात हलते देखावे केलेला कुणी ओळखीचा असेल तर त्याला एक तास व्हिडिओ कॉलवर बसवा, बॉल तंगुसावर अडकू नये म्हणून काय करतात एवढंच विचारायचंय. मूर्ती नेहमीप्रमाणे पेणची, ती निघालीये. पेणचा गणपती पेन्याच्या देखाव्यात, हा जोक आधीच सत्तावीस जणांनी केलाय, तुम्ही करू नका.

काम दर शनिवारी संध्याकाळी 6 पासून हॉलवर, चहा-पोहे मिळतील. वस्तू 30 ऑगस्टपर्यंत पोचवा. आणि ज्यांनी गेल्या वर्षी मंडळाचं ड्रिल मशीन नेलंय त्यांनी कृपया या शनिवारी आणा, बिटांच्या डबीसकट.